पुणे–नागपूर: विमानाचं अंतर नेमकं किती आणि खरा वेळ किती?

रातराणी

नमस्कार मंडळी. मी पुण्यात, कोथरूडला राहते. बाबा नागपूरला असतात, वय ७६. नोव्हेंबरात त्यांच्या डाव्या गुडघ्याची वाटी बदलली. आता डिसेंबरच्या शेवटी त्यांना दोन-तीन महिन्यांसाठी इकडे आणायचं आहे. डॉक्टरांनी विमानाने न्यायला हरकत नाही म्हणून लेखी दिलंय. फक्त एक अट घातली आहे, पाय दुमडून सलग फार वेळ बसू द्यायचं नाही.

मी हिशेब करायला बसले आणि पार गोंधळून गेले. एका ठिकाणी पुणे–नागपूर अंतर ६०५ किमी दिसतं, दुसरीकडे सातशेच्या वर, तिसरीकडे ८८१. वेळेचंही तसंच. ऑफिसातला एक जण म्हणतो, "अगं, पन्नास मिनिटांत तर पोचतो." तिकिटावर मात्र दीड तास लिहिलंय. शेजारच्या काकू म्हणाल्या की सगळा दिवस जातो. मला यातला खरा आकडा हवा आहे. म्हणजे असं बघा, बाबा विमानातल्या सीटवर बसले की तिथून उठेपर्यंत किती वेळ जाईल? त्यावरच सगळं अवलंबून आहे. ज्यांचं या मार्गावर नेहमी येणं-जाणं आहे त्यांनी कृपया सांगा.

भूगोलमास्तर

ताई, तिन्ही अंतरं खरी आहेत, फक्त ती तीन वेगळ्या वाटांची आहेत.

६०५ हे हवेतलं सरळ अंतर. हे तुम्हाला कागदावरसुद्धा काढता येईल. पुण्याचा विमानतळ साधारण १८.५८ अक्षांश आणि ७३.९२ रेखांशावर आहे, नागपूरचा २१.०९ आणि ७९.०५ वर. उत्तर-दक्षिण फरक अडीच अंश, एका अंशाचे १११ किमी, म्हणजे २७९ किमी. पूर्व-पश्चिम फरक ५.१३ अंश. पण रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात, त्यामुळे आपल्या पट्ट्यात एका रेखांशाचे १११ नाही, १०४.६ च्या आसपास किमी होतात. ते झाले ५३६. आता काटकोन त्रिकोण घ्या आणि कर्ण काढा. उत्तर ६०५ च्या आगेमागे येतं. शाळेत मुलांना मी हेच उदाहरण देत असे. पायथागोरसचा प्रमेय फळ्यावरून उतरून नागपूरला पोचला की वर्गातली मागची बाकंसुद्धा मान वर करत.

सातशेच्या वरचा आकडा रस्त्याचा. अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि तिथून समृद्धी महामार्गाने नागपूर. ८८१ हा रेल्वेचा. गाडी पुण्याहून आधी दौंडला जाते, तिथून उत्तरेला मनमाडपर्यंत चढते आणि मग भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा करत नागपूरकडे वळते. नकाशावर हा चक्क कोपरा दिसतो. सरळ रेषेपेक्षा जवळजवळ दीडपट वाट होते ती या कोपऱ्यामुळेच.

अजून एक गंमत सांगतो. त्या पाच अंशांमुळे नागपूरला सूर्य पुण्याच्या वीस मिनिटं आधी माथ्यावर येतो. घड्याळ एकच, पण दुपार वेगळी. बाबांना पुण्यात संध्याकाळ लांबल्यासारखी वाटली तर ते खरंच तसं असेल.

वऱ्हाडी

ताई, विमान कशाला करून राहिल्या? रात्रीच्या गाडीचं टू टायरचं खालचं बर्थ काढा, बाबा पाय लांब करून मस्त झोपून येतील. वेळ लागतो, पण झोपेत जातो. माझ्या आईचा खुबा मोडला होता तेव्हा आम्ही असंच आणलं होतं. फक्त एक लक्षात ठेवा, ऑगस्ट २०२५ पासून अजनी–पुणे वंदे भारत सुरू झाली आहे, तिच्या मोहात पडू नका. गाडी चांगली आहे, पण बाराएक तास खुर्चीतच बसावं लागतं. गुडघ्याच्या माणसाला ते जमणार नाही.

रातराणी

वऱ्हाडी दादा, आम्हीही आधी गाडीचाच विचार केला होता. बाबांची अडचण रात्रीची आहे. त्यांना दोन-तीनदा उठावं लागतं आणि हलत्या गाडीत वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जायची मला भीती वाटते. पडले तर सगळंच मुसळ केरात. समृद्धीने कारचंही पाहिलं, पण नागपूर ते संभाजीनगर झकास झालं तरी पुढे पुण्यापर्यंतचा रस्ता आणि त्यावरची गर्दी आहेच. म्हणून विमान.

धावपट्टी

मी बरीच वर्षं विमानतळावर जमिनीवरच्या कामात होतो. आता निवृत्त. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर टप्प्याटप्प्याने देतो.

ऑफिसातले म्हणतात ती पन्नास मिनिटं म्हणजे चाकं जमीन सोडतात तिथपासून पुन्हा जमिनीला लागतात तिथपर्यंत. पंचावन्न धरा. तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम. विमान जागेवरून मागे ढकललं जातं तिथपासून उतरून दुसऱ्या जागी थांबतं तिथपर्यंत. त्यात टॅक्सी, म्हणजे विमानाचं जमिनीवरून सरकत धावपट्टीपर्यंत जाणं-येणं, आली, धावपट्टीपाशी रांगेत थांबणं आलं, वर घिरट्या घालाव्या लागल्या तर त्या आल्या, आणि वर कंपनीने स्वतःसाठी ठेवलेली थोडी सवड आली. ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत निघालेलं विमान वेळेवर धरतात. पण प्रवाशाला पोचण्याची वेळ जास्त बोचते, म्हणून ती सैल लिहिलेली असते.

६०५ किमी आणि विमानाचा वेग ताशी ८३० किमी, मग ४४ मिनिटांत का पोचत नाही, असं पुष्कळ जण विचारतात. कारण त्या वेगाने ते फार थोडा वेळ उडतं. ३३ हजार फुटांपर्यंत चढायला वीसेक मिनिटं जातात. उतरण्याचा साधा आडाखा असा, दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. म्हणजे ३३ हजारांवरून खाली यायला शंभर नॉटिकल मैल, १८५ किमी. विमान पुण्यापासून इतकं लांब असतानाच उतरायला लागतं. चढण्यात जवळपास दोनशे किमी गेलेले असतात. मग मधे सपाट उडायला उरलं काय? सव्वादोनशे किमी, पंधरा-सोळा मिनिटं. शिवाय १० हजार फुटांच्या खाली २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६० किमीच्या आसपास वेगमर्यादा असते. इतक्या जवळच्या मार्गावर विमानाचा सगळा जन्म चढण्या-उतरण्यातच जातो.

ताई, तुमच्यासाठी यातलं महत्त्वाचं हे की पट्टा सोडून उभं राहायला बाबांना मिळतील ती एवढीच पंधरा मिनिटं. पट्ट्याची खूण विझली की लगेच उठवा. सरबताची गाडी मधल्या वाटेत आली की अडकाल.

एटीआर असेल तर हिशेब बदलतो. पंख्यांचं विमान ताशी पाचशेच्या आसपास जातं, वीस-पंचवीस मिनिटं जास्त धरा. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघा.

मृद्गंध

वाऱ्याचा फरक पडतो ना? मी महिन्यातून दोनदा जाते. हिवाळ्यात पुण्याहून नागपूरला जाताना लवकर पोचल्यासारखं वाटतं आणि परत येताना लांबतं.

भूगोलमास्तर

बरोबर जाणवलंय तुम्हाला. हिवाळ्यात आपल्या डोक्यावर उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो. त्याची मुख्य धार उत्तर भारतावर असते, पण कड आपल्यापर्यंत येते. पुण्याहून नागपूर म्हणजे ईशान्येकडून जरा पूर्वेला झुकलेली दिशा, त्यामुळे जाताना पाठीवर वारा, येताना तोंडावर. पावसाळ्यात वरचे वारे उलटे, पूर्वेकडून वाहतात. पण मार्गच छोटा, म्हणून फरक पाच-सात मिनिटांचा. दिल्ली–गुवाहाटीसारख्या लांब मार्गावर तो चांगलाच जाणवतो.

धावपट्टी

वरच्या वाऱ्यापेक्षा इथे खालचा वारा जास्त मिनिटं खातो. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि उतरतं. पुण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पश्चिमेचा वारा असला की नागपूरला जाणारं विमानही पश्चिमेकडे तोंड करून सुटतं आणि मग वळसा घालून पूर्वेला लागतं. ताई, तुमच्या येण्याच्या दिशेला मात्र तोच वारा सोयीचा. पूर्वेकडून आलात की सरळ समोर धावपट्टी.

दुसरं म्हणजे लोहगाव हे हवाई दलाचं विमानतळ आहे. धावपट्टी एकच, त्यांचा सराव त्यावरच आणि प्रवासी विमानंही त्यावरच. कधी खाली जागा होईपर्यंत वर थांबावं लागतं. तिकिटावर दीड तास लिहितात त्याला हेही कारण आहे.

टपालवाला

नागपूरच्या विमानांचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. माझे वडील टपाल खात्यात होते. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चारी दिशांनी टपालाच्या थैल्या घेऊन विमानं निघत आणि मध्यरात्री नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र येत. तिथे थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेच्या आत विमानं आपापल्या गावी परत जात. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. चारही शहरं नागपूरपासून साधारण सातशे ते हजार किमीच्या टप्प्यात बसतात म्हणून हे जमलं. त्या काळची डाकोटा विमानं ताशी पावणेतीनशे किमीच्या आतबाहेर जात, तेव्हा एकेका बाजूला तीन-चार तास. वडील सांगत, चारही विमानं उतरली की धावपट्टीच्या कडेला पेट्रोमॅक्सच्या उजेडात सगळे न बोलता धावत असत, कारण एकाला उशीर झाला तर चारही शहरांची पत्रं उशिरा.

रातराणी, तुमच्या बाबांच्या वयाच्या नागपूरकराला हे नक्की आठवत असेल. विचारून पाहा.

वऱ्हाडी

टपालवाले काका, हे वाचून अंगावर काटा आला हो. आम्ही सोनेगावात राहून हे कोणी सांगितलं नव्हतं.

मृद्गंध

रातराणी, व्हीलचेअरबद्दल आमचा अनुभव सांगते, म्हणजे तुमच्या बाबांवर तशी वेळ यायला नको. गेल्या वर्षी आईला आणलं. तिकीट काढताना नुसती "व्हीलचेअर हवी" एवढी खूण केली होती. पुण्यात विमान लांब उभं राहिलं, दारातून थेट इमारतीत नेणारा पूल लागला नाही, आणि व्हीलचेअर शिडीच्या खाली! आईला एकेक पायरी धरून उतरवलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, मागे दीडशे माणसं खोळंबलेली. कंपनीच्या माणसाने सांगितलं की तुम्ही जी मागितली ती पायऱ्या चढू-उतरू शकणाऱ्यांसाठीची आहे. असं काही असतं हेच मला माहीत नव्हतं.

धावपट्टी

हे होतं, आणि फार वाईट वाटतं. तीन प्रकार असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे माणूस पायऱ्या चढू शकतो, फक्त लांब चालू शकत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या चढता-उतरता येत नाहीत, पण आत सीटपर्यंत चालतो. डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट सीटपर्यंत नेऊन बसवायचं. तुमच्या बाबांसाठी मधला, शेवटी एस असलेला. तो नोंदला की शिडीच्या जागी उचलणारी गाडी लावावी लागते. प्रवासाच्या ४८ तास आधी फोन करून नोंदवा आणि नोंदवलेलं पुन्हा वाचून दाखवायला सांगा. संकोच करू नका, तो हक्क आहे.

आता सीट. बाबांचा डावा गुडघा, हो ना? मग डी नंबरची सीट घ्या. ती उजव्या बाजूच्या तीन सीटांमधली मधल्या वाटेकडची, म्हणजे वाट त्यांच्या डाव्या हाताला येते आणि डावा पाय थोडा बाहेर सरळ करता येतो. उजवा गुडघा असता तर सी सांगितली असती. आपत्कालीन दाराजवळच्या ओळीत पाय ठेवायला जागा असते खरी, पण व्हीलचेअरच्या प्रवाशाला तिथे बसवत नाहीत. सुरक्षा तपासणीत गुडघ्यातला धातू वाजणार, डिस्चार्जचा कागद हातात असू द्या.

आणि दिल्लीहून येऊन पुढे जाणारं विमान डिसेंबरात शक्यतो टाळा. तिकडच्या धुक्याचा उशीर इकडे दुपारपर्यंत झिरपत येतो. दोन तासांवर उशीर झाला तर या मार्गावर खाणं-पिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे, सहा तासांवर गेला तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत.

भूगोलमास्तर

डी सीट असेल तर तुम्ही त्याच ओळीतली एफ, खिडकीची घ्या. नागपूरहून येताना उजवीकडे उत्तर असते. नकाशावर दोन विमानतळांमध्ये सरळ रेषा ओढा आणि बरोबर मध्य काढा. तिथून जेमतेम चौदा-पंधरा किमी उत्तरेला लोणार आहे! विमान सरळ मार्गाने आलं आणि आभाळ मोकळं असलं तर उड्डाणानंतर साधारण अठ्ठाविसाव्या मिनिटाला उजवीकडे खाली गोल विवर दिसेल. व्यास १.८ किमी, वरून बांगडीएवढं.

रातराणी

मास्तर, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही काय सांगितलंत ते. बाबांचं मूळ गाव मेहकरजवळ. लहानपणी ते बैलगाडीतून लोणारला जात असत. तिकीट काढलं. डी आणि एफ.

रातराणी

मंडळी, आम्ही काल पोचलो. तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून सांगितलंत, म्हणून मी सगळ्या वेळा वहीत लिहून ठेवल्या. पुढच्या कुणाला उपयोगी पडतील.

घर सोडलं ७:५५ ला. मनीषनगरहून विमानतळ जवळच, ८:२० ला दारात. तपासणीत गुडघा वाजलाच, कागद दाखवला, वेगळ्या खोलीत नेऊन पाहिलं, पाच मिनिटं. आम्हाला सगळ्यांच्या आधी आत सोडलं. बाबा सीटवर बसले ९:३२ ला. तिकिटावर निघायची वेळ १०:०५, विमान मागे सरकलं १०:०९ ला, चाकं उचलली १०:१९ ला. पुण्यात चाकं टेकली ११:१४ ला. हवेत पंचावन्न मिनिटं, धावपट्टीकाका, अगदी तुम्ही म्हणालात तशी. थांबलो ११:२१ ला. म्हणजे चार मिनिटं उशिरा निघून तिकिटावरच्या ११:३५ च्या चौदा मिनिटं आधी पोचलो. ती सैल लिहिलेली वेळ म्हणजे काय, ते डोळ्यांनी पाहिलं.

पण सगळे उतरेपर्यंत आम्हाला थांबावं लागलं. बाबा सीटवरून उठले ११:३८ ला. माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर असं आलं: दोन तास सहा मिनिटं. मधे एकदा उठून पाच मिनिटं उभे राहिले, पाय डावीकडे सरळ करता आला, सूज अजिबात नाही. या वेळीही पूल नव्हता, पण उचलणारी गाडी तयार होती. मृद्गंध, तुमच्या आईंमुळे आमचं सोपं झालं, त्यांना माझा नमस्कार सांगा.

बाहेर आलो १२:१० ला आणि कोथरूडच्या घरी १:२० ला. घर ते घर पाच तास पंचवीस मिनिटं. लोहगाव ते कोथरूड हा भाग नागपूर ते पुणे उडण्यापेक्षा पंधरा मिनिटांनी मोठा निघाला.

टपालवाले काका, बाबांना विचारलं. ते म्हणाले, रात्री अंगणात झोपलेलं असताना विमानांचा आवाज यायचा आणि आजी म्हणायची, "चिठ्ठ्यांची विमानं आली, झोपा आता." त्यानंतर अर्धा तास ते त्यावरच बोलत होते.

आणि मास्तर, १०:४६ ला बाबा वाटेत उभे होते, सीटची पाठ धरून. मी खिडकीला नाक लावून बसले होते. खाली सगळी करडी-पिवळी शेतं आणि त्यात एकच गोल, कडेला गर्द झाडी, मधे हिरवट काळं. मी ओरडलेच. मधल्या सीटवरचे गृहस्थ स्वतःहून उठले आणि बाबांना म्हणाले, "काका, या, बसा इथे." पाय दुमडू नये म्हणून बाबा बसले नाहीत, वाकून बघत राहिले. त्यांना दिसलं की नाही मला कळलं नाही, कारण ते काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर मोबाईलमधला फोटो मोठा करून मागितला आणि बोटाने दाखवलं, "इथून उतरायची वाट होती. इथे बैल सोडायचो."

फोटो खाली जोडते आहे. उजव्या कोपऱ्यातलं ते लोणारच ना?

भूगोलमास्तर

तेच. बाबांनी बोट ठेवलं ती कड कुठली, तेवढं त्यांना विचारून कळवा. मी नकाशा काढून बसलोय.